साठ दिवसांच्या आतला दाखला

एवारिस्तोचा फोन बंद करायचा,
काम एवढंच होतं खरं तर.
त्याच्या शेपटाला धरून बाकीची आली:
शेगडीचा वायसर, रक्तदाबाच्या गोळ्या,
चांभाराकडे एप्रिलपासून पडलेले त्याचे बूट.

फोन कंपनीतली निळ्या नखांची पोरगी म्हणाली,
ज्यांच्या नावावर आहे त्यांनी स्वतः यावं.
म्हटलं, तो प्लाया आंचाला असतो हल्ली,
समुद्राकडे पाय करून.
तिनं दाखला मागितला. दिला.
'साठ दिवसांच्या आतला लागतो, सेन्योरा.
हा त्र्याऐंशी दिवसांचा आहे.'
साठ दिवसांनी माणूस थोडा कमी मेलेला असतो का गं,
असं अगदी ओठांवर आलं होतं,
पण तिच्या करंगळीवरचा रंग टवका उडून गेलेला,
आणि तिलाही घरी जायचं होतं.

नव्या दाखल्याच्या रांगेत माझा नंबर एकशे चौदा.
एकशे अकराला त्यांच्या यंत्रानं मान टाकली.
गोळ्या गुरुवारी येतील.
वायसर मिळाला, दुसऱ्याच कुठल्या शेगडीचा.
चांभाराच्या दारावर चिठ्ठी: 'आलोच.'
तिची शाई उन्हानं पार विटलेली.

आमच्या टेकडीची लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद आहे,
तीन वर्षं.
नोल्बेर्तो तरी रोज नऊला येतो, तिच्या दाराशी बसतो.
पगार नगरपालिकेचा, खुर्ची स्वतःची.
मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, पुढे एकशे अठ्ठावन्न,
आणि आतून आवाज आला
बिजागरी कण्हावी तसा.

'दुपारपासून चाललंय,' तो म्हणाला.
'कुणीतरी पिशवीतून आणलं आणि जाळीतून आत सोडलं.'
मग काढलं का नाहीस?
'आत जायला शिक्क्याचा कागद लागतो.'

शिक्क्याचा कागद!
दिवसभर ज्याला कुणी हिंग लावून विचारलं नव्हतं
तो पर्समधून काढून त्याच्या नाकासमोर धरला.
चष्मा त्याचा घरी. शिक्का मात्र गोल, जांभळा, ठसठशीत.
त्यानं त्यावरून अंगठा फिरवला, मग किल्ल्या शोधू लागला,
उगाच बराच वेळ.
त्याला वाचता आलं नाही, असं मी सगळ्यांना सांगते.
पण दर बुधवारी एवारिस्तोशी डॉमिनो खेळायचा तो,
आणि नाव चांगलं मोठ्या अक्षरांत होतं.

मोठ्या चाकाखाली, जुन्या ग्रीसमध्ये,
मूठभर काळं काहीतरी. डोळे चिकटलेले, दात मात्र जागे.
चावलं मला. बरं वाटलं.
दिवसभरात कुणीतरी माझी दखल घेतली होती.

कोटाच्या आत घालून चढले.
साठाव्या पायरीवर थांबले, शंभराव्यावर थांबले,
खाली बंदरात क्रेनचे दिवे लागत होते,
आणि छातीपाशी दोन काळजं धडधडत होती,
एक म्हाताऱ्या ट्रॉलीबससारखं, एक शिवणयंत्रासारखं.

शेगडी पेटेना, म्हणून पाणी हर्मिनियाकडे तापवलं.
ती ओरडली, 'गाईचं दूध पाजशील तर मारशील त्याला!'
आणि कुठूनसा पिल्लांच्या दुधाचा डबा घेऊन आली.
ड्रॉपरनं पाजलं. निम्मं माझ्या बाहीत गेलं.
कोमट पाण्याची बाटली मोज्यात घातली,
बुटांचं रिकामं खोकं होतंच.
तळाशी घालायला हाताला आला तो कागद घातला.

सकाळ होण्याआधीच साहेबांनी
त्र्याऐंशी दिवसांच्या दाखल्यावर
आपलं सरकारी काम उरकलं. शिक्का फुटून जांभळा ओघळ गेला.
जाऊ दे. उद्या नवा आणायचाच आहे,
किंवा परवा, गोळ्यांबरोबर.

एवारिस्तोचा फोन चार्जिंगला लावला, रोज लावते तसा.
चालू आहे तोवर उपाशी कशाला ठेवायचा.
खोक्यातून एक डोळा उघडला, अर्धाच,
आणि त्या हिरव्या ठिपक्याकडे
बघत राहिला.